फॅन ट्रान्सलेशन म्हणजे काय? ते कायदेशीर असतं का?

सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी मुलं पुष्कळ. एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. जपानी कादंबऱ्यांचे चाहतेही जगभर हेच करतात. ॲनिमे बघून संपतं, पुढची गोष्ट पुस्तकात असते, पण पुस्तक फक्त जपानीत. मग जपानी येणारा एखादा चाहता स्वतःच भाषांतर करतो आणि इंटरनेटवर फुकट टाकतो. यालाच फॅन ट्रान्सलेशन म्हणतात.

याची गरज का पडते?

फुयुमी ओनो यांच्या 'जुनी कोकुकी' या मालिकेचं उदाहरण घ्या. नावाचा अर्थ साधारण 'बारा राज्यांची बखर'. १९९२ पासून ती पुस्तकरूपात येऊ लागली. योको नाकाजिमा या शाळकरी मुलीपुढे एक अनोळखी माणूस गुडघे टेकतो आणि तिला दुसऱ्याच जगात नेतो. तिथे राजा कोण होणार, हे किरिन नावाचा दैवी प्राणी ठरवतो. हा माणूस म्हणजे तोच किरिन, केइकी.

२००२-०३ मध्ये एनएचकेवर याचं ४५ भागांचं ॲनिमे आलं. त्यात हरवलेल्या ताइकीची गोष्ट अर्धवटच राहिली. २००७ पासून टोक्योपॉपने इंग्रजी पुस्तकं काढली, पण चार खंडांनंतर काम थांबलं. पुढचं वाचायचं तर इंग्रजी वाचकांना चाहत्यांच्या भाषांतराचाच आधार उरला. इकडे जपानमध्ये २०१९ साली ओनो यांनी चार भागांची नवी कादंबरीही आणली.

ॲनिमे पाहिलं, मग पुस्तक कशाला?

कारण दोन्ही सारखी नाहीत. पुस्तकात योको त्या जगात एकटी पडते. ॲनिमेत तिच्यासोबत शाळेतले दोघं जातात. पुस्तकातला एकटेपणा पडद्यावर संवादांत वाटला जातो.

भाषांतरात अडतं कुठे?

नावांपासूनच सुरुवात होते. योकोच्या राज्याचं नाव 'केई'. तिथल्या राजाच्या पदवीतही 'केई' येतं. जपानीत दोन्हींची लिपीचिन्हं वेगळी, अर्थ वेगळे, उच्चार मात्र एक. देवनागरीत लिहिलं की फरक पुसला जातो.

दुसरी अडचण आदराची. केइकी योकोशी अदबीने बोलतो, ती शाळकरी असली तरी. मराठीत तिथे 'आपण' चपखल बसतं. पण इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या सगळ्यांना एकच शब्द. त्यामुळे इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला कोण कोणाला कसं हाक मारतं, हे अंदाजाने ठरवावं लागतं. मूळ जपानीवरून केलं, तर हा प्रश्न बराच सुटतो.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचाच असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. 'आम्ही पैसे घेत नाही' असं म्हटल्याने परवानगीची गरज संपत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी वहीत केलेलं भाषांतर किंवा परीक्षणात दिलेला छोटा उतारा, याला कायद्यात सवलत आहे. अख्खी कादंबरी सगळ्यांसाठी टाकणं त्यात बसत नाही.

फारशी माहीत नसलेली एक वाट कलम ३२ मध्ये आहे. पुस्तक प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली आणि हक्कधारकाने एखाद्या भाषेत त्याचं भाषांतर काढलं नाही, किंवा काढलेलं संपलं, तर त्या भाषेतल्या भाषांतरासाठी परवाना मागता येतो. आधी हक्कधारकाकडे परवानगी मागितल्याचं, किंवा प्रयत्न करूनही तो सापडला नसल्याचं दाखवावं लागतं. परवाना मिळाला तर मानधनही द्यावं लागतं.

मराठीत असं काही होऊ शकतं का?

जपानी पुस्तक मराठीत रुजतं, हे 'तोत्तोचान'ने दाखवलंय. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे आठवणींचं पुस्तक १९८१ चं. मराठीत ते नॅशनल बुक ट्रस्टने आणलं आणि २०२३ मध्ये जपानमध्ये त्यावर ॲनिमे चित्रपटही आला. फँटसी कादंबरीलाही ही वाट मोकळी आहे. जपानी शिकणाऱ्या चाहत्याने नमुन्याचं एखादं प्रकरण करून मराठी प्रकाशकाकडे जावं आणि प्रकाशकाने हक्क मागावेत. वेळ लागेल, पण असं पुस्तक कुणाच्या तक्रारीने एका रात्रीत गायब होणार नाही आणि मूळ लेखिकेलाही तिचा वाटा मिळेल.