भिंगाचें कडें : हाताचें कीं मोटरीचें?



कॅमेऱ्याच्या भिंगावर एक कडें असतें. तें फिरविलें म्हणजे समोरची प्रतिमा कधीं रेखीव होते, कधीं पुसट. हें कडें फिरविण्याचा अधिकार हाताचा कीं मोटरीचा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरांत तीस-पस्तीस वर्षांपूर्वींचें एखादें भिंग कपाटांत जपून ठेवलेलें आहे, त्या घरांत याच प्रश्नाच्या अज्ञानानें एक चांगली वस्तु कायमची निकामी होऊं शकते. म्हणून ही हकीकत मुळापासून सांगावी लागते.

१८३९ सालीं दागेर याची कृति पॅरिस येथें जाहीर झाली. त्या काळीं फोकस साधणें म्हणजे काळ्या कापडाखालीं डोकें घालून दुधी कांचेवरील उलटी प्रतिमा न्याहाळणें. परंतु डोळ्याला जी प्रतिमा रेखीव दिसे, ती पट्टिकेवर तशीच उतरेल असा नेम नसे. पट्टिकेवर परिणाम होई तो मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांचा, आणि डोळा विसंबे तो पिवळ्या प्रकाशावर. साध्या भिंगांतून हे दोन्ही किरण एकाच अंतरावर एकत्र येत नाहींत. लंडनमध्यें स्थायिक झालेला फ्रेंच छायाचित्रकार क्लोदे यानें १८४४ सालीं हा भेद लोकांपुढें मांडला. तेव्हां आधीं डोळ्यानें फोकस साधावयाचा आणि मग भिंग हिशेबानें किंचित् सरकवावयाचें, अशी रीत पडली. हातावर भिस्त ठेवणारांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, आरंभापासूनच एकट्या डोळ्याची साक्ष पुरेशी नव्हती. मुंबईस १८५४ मध्यें फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी तिच्यांत होते. त्यांचाही व्यवहार या दुधी कांचेशींच.

१८८८ च्या कोडॅक पेटीनें हा प्रश्न सोडविला नाहीं, तर टाळला. तिचें भिंग कायमचें एका जागीं बसविलेलें होतें. धन्यानें फक्त कळ दाबावयाची. १९२५ सालीं लायका बाजारांत आला, त्यांत अंतर अंदाजानें ठरवून कडें त्या आंकड्यावर आणावें लागे. १९३२ मध्यें त्याला भिंगाशीं जोडलेला रेंजफाइंडर मिळाला : दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या कीं फोकस साधला. अंदाज गेला, तरी कडें अजून हाताचेंच होतें.

तें हातांतून सुटलें १९७७ सालीं. त्या वर्षीं निघालेला जपानी कोनिका सी-३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला स्वयंफोकस कॅमेरा. पुढच्याच वर्षीं पोलरॉइडनें वटवाघळाची युक्ति उचलली : कानाला न ऐकूं येणारा ध्वनि सोडावयाचा आणि प्रतिध्वनि परतण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर ओळखावयाचें. युक्ति नामी खरी. पण खिडकीच्या कांचेआडून बाहेरचा देखावा टिपूं गेल्यास ध्वनि कांचेवरूनच परत फिरे, आणि कॅमेरा इमानानें कांचेवर फोकस करी.

आपल्या कपाटांतील भिंगाचा संबंध येतो तो १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून. त्याची मोटर कॅमेऱ्याच्या पोटांत होती. कॅमेऱ्याच्या तोंडाशीं पेचकसाच्या टोंकासारखी एक लहान दांडी, ती भिंगाच्या खांचेंत बसे आणि दांतेरी चाकांच्या द्वारें भिंग फिरवी. या विद्येच्या पेटंटांवरून हनीवेल या अमेरिकन कंपनीनें दावा लावला आणि १९९२ मध्यें मिनोल्टास १२ कोटी ७५ लक्ष डॉलर देऊन तो मिटवावा लागला. कॅननची चाल निराळी. १९८७ सालीं त्यानें मोटर थेट भिंगांत घातली आणि कॅमेऱ्याशीं नातें केवळ विजेचें ठेवलें. त्यापायीं भिंगाची बैठकच बदलली, आणि जुन्या भिंगांच्या मालकांना नव्या कॅमेऱ्याचें दार बंद झालें. कारागिरीच्या दृष्टीनें तो निर्णय योग्य ठरला. ज्यांनीं वर्षानुवर्षें पैसा सांठवून भिंगें घेतलीं होतीं, त्यांना मात्र तो गोड वाटला नसेल.

आतां धोका कोठें आहे तें पाहा. मोटर पुष्कळ वेढे फिरते तेव्हां कडें थोडेसें फिरतें. मधलीं चाकें त्यासाठींच असतात. स्वयंफोकस चालू असतां आपण हातानें कडें पिळलें, तर तोच गाडा उलटा ओढला जातो व सारा ताण बारीक दांत्यांवर येतो. म्हणून अशा भिंगांत आधीं खटका हस्तफोकसावर न्यावा, मगच कड्यास हात लावावा. निकॉनच्या ज्या भिंगांना स्वतःची मोटर नाहीं, त्यांच्याकरितां हा खटका कॅमेऱ्यावर असतो. तो फिरविला कीं दांडी आंत सरते व कडें मोकळें होतें. स्वयंफोकस चालू असतां फिरत्या कड्यावर बोटें ठेवूं नयेत, आणि कडें शेवटास अडलें कीं जोर करूं नये. ज्यांत मोटरच नाहीं, अशा त्याहून जुन्या भिंगांना हें पथ्य नाहीं.

पुढें कड्याच्या आकाराच्या अल्ट्रासोनिक मोटरी आल्या. त्यांच्या बहुतेक भिंगांत स्वयंफोकस चालू असतांही कडें हातानें निर्धास्त फिरवितां येतें. निकॉनच्या अशा भिंगांवर ‘एम/ए’ हीं अक्षरें आढळतील. परंतु भिंगावर मोटर आहे एवढ्यावरून ही सवलत गृहीत धरूं नये : कॅननचें १९९० चें ५० मिलिमीटरचें स्वस्त भिंग मोटरीचें असूनही खटका बदलल्याशिवाय हात लावूं देत नाहीं. भिंगाबरोबर आलेलें माहितीपत्रक असल्यास तें काढून वाचावें. कॅननच्याच १९८९ च्या ८५ मिलिमीटरच्या भिंगांत तर कड्याचा भिंगाशीं प्रत्यक्ष सांधाच नाहीं. कडें मोटरीस केवळ इशारा देतें. कॅमेरा बंद असतां तें कितीही फिरविलें तरी आंतलें भिंग जागचें हलत नाहीं, आणि आजच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांचीं बहुतेक भिंगें याच जातीचीं आहेत.