अंश, छेद आणि भायखळ्याचा तुरुंग

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. ती डॉक्टर झाली आणि पुढे साथरोगशास्त्र शिकली, एवढं मला ठाऊक होतं. सध्या ती तुरुंगांमधल्या क्षयरोगाच्या कामावर आहे. नवीन आलेल्या कैद्याला खोकला किती दिवसांपासून आहे, वजन उतरलं का, बराकीत त्याच्या शेजारी कोण झोपतं, अशा नोंदी ठेवायच्या आणि त्यांवरून रोग कुठून कुठे जातोय ते शोधायचं, असं ते काम.

मी आपला शिक्षकी प्रश्न विचारला, "अगं, एवढी शिकलीस आणि तुरुंगच का निवडलास?"

ती हसली. म्हणाली, "सर, बाहेर माणसं मोजता येत नाहीत. आत येतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर बाहेर अंश मिळतो, छेद मिळत नाही."

गणित हा माझा विषय नव्हे. मी बी.ए. इतिहासाचा आणि आयुष्यभर इतिहासच शिकवला. पण तिचं वाक्य डोक्यात राहिलं. रोग किती जणांना झाला हा अंश आणि किती जणांमध्ये झाला हा छेद. छेद नसेल तर साथ वाढली की घटली हेही सांगता येत नाही. ती गेल्यावर मला १८९७ सालचा भायखळ्याचा तुरुंग आठवला. हा प्रसंग मी वर्गात कितीतरी वेळा दोन ओळींत उरकलेला आहे. आज जरा सविस्तर सांगतो.

मुंबईत प्लेग आहे हे सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं. हे गोव्याचे डॉक्टर. सरकारने रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईत आणलं. त्याआधी ते हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना तोकडी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या रसात तूप घालून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन ते मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण माणूस उठून कामाला लागला.

लस घातक नाही हे कळलं. ती उपयोगी आहे हे कसं कळणार? मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या आसपास होती आणि प्लेगच्या भीतीने त्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली. जे राहिले ते रोगी लपवत, कारण इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत होती. आज टोचलेला माणूस उद्या रत्नागिरीला असेल की साताऱ्याला, कोण सांगणार? म्हणजे छेद नाही, आणि अंशही खोटा.

अशा वेळी जानेवारीच्या अखेरीस प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. जागा एक, अन्न एक, पाणी एक, उठण्या-झोपण्याची वेळ एक. सकाळ-संध्याकाळ मोजदाद. कोणी पळून जायचं नाही, कोणी रोग लपवायचा नाही. सुमारे दीडशे कैद्यांनी लस टोचून घेतली, जवळपास तितक्याच कैद्यांनी घेतली नाही. पुढे न टोचलेल्यांपैकी डझनभर लोकांना प्लेग झाला आणि त्यांतले जवळपास निम्मे दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात एकाआड एक कैद्याला लस देऊन हीच तुलना पुन्हा केली गेली. निष्कर्ष तोच निघाला. पुढे या लसीच्या लाखो मात्रा मुंबईत तयार झाल्या. परळला प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचं नाव मिळालं.

इथपर्यंत मी वर्गात शिकवत असे. पुढचा प्रश्न मी कधी विचारला नाही आणि मुलांनीही विचारला नाही. ते दीडशे कैदी कोण होते?

ते स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. मला तिच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. शेजारच्या बराकीतून प्रेत बाहेर जाताना पाहिलेला माणूस आनंदानेही हात पुढे करील. शिवाय हाफकिन यांनाही कोठडीचा अनुभव होता. तरुणपणी ओडेसात यहुदी वस्तीवर हल्ला झाला तेव्हा तिच्या रक्षणासाठी ते उभे राहिले आणि त्यापायी त्यांना अटक झाली होती. पण ज्याला उठण्या-बसण्याचंही स्वातंत्र्य नाही, त्याच्या 'हो' म्हणण्याची किंमत कशी करायची? ते वर्षच जबरदस्तीचं होतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात सोल्जर घरांत शिरले. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि काही काळ त्यांना याच भायखळ्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. टिळकांच्या त्या कारावासावर पानंच्या पानं लिहिली गेली, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या दंडावर लसीची पारख झाली, त्यांच्यापैकी एकाचंही नाव आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

भायखळ्यात सुदैवाने चांगलं झालं. सगळीकडे तसं झालं नाही. १९०६ साली मनिलाच्या बिलिबिद तुरुंगात रिचर्ड स्ट्राँग या अमेरिकन डॉक्टरने २४ कैद्यांना पटकीची लस टोचली. तिच्यात चुकून प्लेगचे जिवंत जंतू मिसळले होते. १३ कैदी मेले. पुढे हे डॉक्टर हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. हाफकिन यांचं नेमकं उलट झालं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतली लस दूषित झाली आणि १९ माणसं धनुर्वाताने गेली. दोष त्यांच्या प्रयोगशाळेवर आला, ते पदावरून दूर झाले आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. दोन्ही प्रकरणांचे तपशील वेगळे आहेत, हे मान्य. तरीही गावकरी मेले तर चौकशी वर्षानुवर्षं चालते आणि कैदी मेले तर डॉक्टर पुढच्या नोकरीला लागतो, हा फरक मनातून जात नाही.

कोणी म्हणेल, तुरुंगातल्यांची एवढी काळजी कशाला? केलं ते भोगतात. याला इतिहासाचं उत्तर रोकडं आहे. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात कैद्यांबरोबर तुरुंगज्वर आला आणि लॉर्ड मेयर व न्यायाधीशांसकट चाळीसहून अधिक माणसं दगावली. भिंत माणसाला अडवते, रोगाला नाही. शिपाई रोज घरी जातो, कैदी तारखेला कोर्टात जातो, सुटलेला गावी जातो. आणि आपल्याकडे 'केलं ते भोगतात' हे म्हणणंही खरं नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत १०० जणांच्या जागेत सरासरी १३१ माणसं होती आणि दर चारांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता.

२०२० मध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिलं. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता ८०४, आत तिपटीहून अधिक माणसं. त्यांना काय म्हणून सांगणार, सहा फुटांचं अंतर ठेवा? मेच्या पहिल्याच आठवड्यात तिथले शंभरच्या आसपास कैदी आणि कर्मचारी बाधित निघाले. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्चमधल्या आदेशाने राज्याची उच्चाधिकार समिती नेमली गेली होती, तिने सुमारे १७ हजार कैद्यांना तात्पुरतं सोडायचं ठरवलं. नव्या कैद्यांसाठी ठिकठिकाणी शाळांच्या इमारतींत तात्पुरते तुरुंग उघडले. ती बातमी वाचताना मला फळा आणि बाक दिसत होते. मग एक जुनी गोष्ट आठवली. आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. आसपासच्या गावांत पटकीची साथ आली आणि टोचणीवाले आले. मी मुलांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "कोण कोण स्वखुशीने टोचून घेणार?" हातात छडी होती. सगळे हात वर गेले. मला फार अभिमान वाटला. सातवीतल्या एका मुलाच्या अंगात आदल्या दिवसापासून ताप होता. तो बोलला नाही. त्याचा दंड सुजला, पिकला, महिनाभर पोरगं डाव्या हाताने जेवलं. बरं झाल्यावर मी त्याला विचारलं, "का नाही सांगितलंस रे?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही विचारलंत कुठे?"

मी तर विचारलं होतं! पण छडी हातात घेऊन.

ही गोष्ट परवा त्या विद्यार्थिनीला सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, म्हणूनच रक्त-थुंकी तपासायच्या आधी मी शिपायाला दाराबाहेर उभं राहायला सांगते. आणि कैद्याला पहिलं वाक्य सांगते, की तू नाही म्हणालास तर तुझी मुलाखत बंद होणार नाही, माफीचे दिवस कापले जाणार नाहीत, औषध लागलं तर तेही मिळेल. काही जण खरंच नाही म्हणतात. त्या दिवशी माझा तक्ता अपुरा राहतो. पण बाकीच्यांचं हो खरं आहे, एवढं कळतं."

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली कैद्यांसाठीचे सुधारित नियम मंजूर केले, त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं आहे. बाहेरच्या माणसाला जो उपचार मिळतो तोच आतल्याला मिळावा आणि त्याच्या संमतीला मान असावा, असं त्यांत लिहिलं आहे. लिहिलेलं पाळणारी माणसं किती, हे मी सांगू शकत नाही. त्यांतली एक माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, याचा मात्र आनंद आहे.

माझ्या वाचकांत काही शिक्षकही आहेत. त्यांना एक विनंती. हाफकिन यांचा धडा शिकवाल तेव्हा फळ्यावर त्यांच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहा, 'आणि भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी'. मी ती कधी लिहिली नाही.