जिलेटपासून वॅटपर्यंत

थिओडोर मैमन यांनी १९६० साली माणकाचा पहिला लेसर चालवला. त्या काळी झोत दाढीची किती पाती भेदतो हे पाहून शास्त्रज्ञ त्याची ताकद गमतीने 'जिलेट'मध्ये सांगत.

१९६४ मध्ये कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. १९७१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'ने एका शाळकरी मुलाने घडवलेल्या अशाच लेसरची माहिती छापली.

या लेसरचा झोत अवरक्त असल्याने दिसत नाही; पण त्याचे नुसते परावर्तनही डोळ्याचे पारपटल भाजू शकते. म्हणून त्याची शक्ती मोजणे महत्त्वाचे. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. समजा, १०० ग्रॅम अॅल्युमिनियमच्या काळ्या केलेल्या ठोकळ्याचे तापमान झोतामुळे ४५ सेकंदांत १० अंश सेल्सिअसने वाढले. विशिष्ट उष्मा ०.९ ज्यूल धरल्यास १०० × ०.९ × १० ÷ ४५, म्हणजे शोषलेली शक्ती २० वॅट.

वर्गात असा लेसर मुळीच करू नये. त्याचा उच्च विद्युतदाबही जीवघेणा असतो. मात्र काळा ठोकळा उन्हात ठेवून हेच मोजमाप विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, असे आम्ही सुचवू.