छोट्या छेदामागची शिस्त

१९९४ मध्ये जर्मनीतील लाइपझिगला हृदयकेंद्र सुरू झाले आणि हृदयशल्यविभागाची धुरा डॉ. फ्रिडरिश मोर यांनी उचलली. मायट्रल झडपेची शस्त्रक्रिया म्हणजे छातीचे मधले हाड उभे कापायचे, ही तेव्हाची रीत. १९९६ मध्ये केंद्राने वेगळी वाट धरली. उजव्या बाजूला बरगड्यांमध्ये काही सेंटिमीटरचा छेद, जांघेतील रक्तवाहिन्यांतून हार्ट-लंग मशीनची जोडणी आणि आत डोकावणारा कॅमेरा.

सुरुवात खडतर होती. महाधमनी आतून फुगा फुगवून बंद केली जाई. १९९८ मध्ये पहिल्या ५१ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात महाधमनीचा थर फाटल्याच्या घटना आणि मृत्यूही नोंदवलेले होते. पुढे फुग्याऐवजी, अमेरिकेतील डॉ. रँडॉल्फ चिटवुड यांचा बरगड्यांमधून आत जाणारा लांब क्लॅम्प वापरात आला. पद्धत सोपी झाली, धोकाही घटला.

पुढची अडचण टाक्यांची. झडपेला धरून ठेवणारा तंतू तुटला की त्याजागी गोरटेक्सचा धागा घालतात. इवल्याशा छेदातून लांब दांड्याच्या हत्यारांनी त्याची अचूक लांबी साधणे महाकठीण. गाठ सरकली की झडप पुन्हा गळते. २००० मध्ये डॉ. फॉन ओपेल आणि मोर यांनी ‘लूप’ची युक्ती मांडली. निरोगी तंतूची लांबी आधी मोजायची, तेवढ्याच लांबीचे फास तयार करायचे आणि मग ते हृदयातील स्नायूला व झडपेच्या कडेला शिवायचे. जे अंदाजाने करावे लागे, ते मापाने होऊ लागले, म्हणूनच ते शिकवताही येऊ लागले.

२०१३ मध्ये केंद्राने आपल्याच १७ सर्जनांच्या ३,८९५ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. प्रत्येकाचे यशापयश पहिल्या शस्त्रक्रियेपासून क्रमाने तपासले. हात बसायला साधारण ७५ ते १२५ शस्त्रक्रिया लागतात आणि तो टिकवायला आठवड्याला एकाहून अधिक कराव्या लागतात, असे दिसले. सर्जनागणिक फरकही मोठा होता.

या वाटचालीतले सर्वांत मोलाचे काम मला हा हिशेबच वाटतो. नवशिक्याच्या शिकण्याची किंमत रुग्णाने मोजू नये, असे वाटत असेल तर अनुभवी सर्जन शेजारी हवा, सराव नियमित हवा आणि अपयशाची नोंद उघड हवी. छोट्या छेदाची शस्त्रक्रिया सुरू करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने यंत्रसामग्रीच्या आधी ही शिस्त आणावी.