मूत्राशयाच्या कर्करोगावरील जिवाणू-उपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जिवाणू रोगाचे कारण म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. तोच जिवाणू कर्करोगावरील औषध कसा झाला आणि हा प्रवास जनुकीय फेरबदल केलेल्या जिवाणूपर्यंत कसा पोहोचला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या उपचाराला सर्वांत भक्कम यश लाभले ते मूत्राशयाच्या कर्करोगात. धूम्रपान आणि काही रंगांच्या निर्मितीत वापरली जाणारी रसायने ही या रोगाची ज्ञात कारणे होत. रंगकारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत असल्याची नोंद जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच केली होती. कापड, रंगकाम आणि विडी यांवर ज्याचे अर्थकारण उभे राहिले, त्या सोलापूरला हा इतिहास म्हणूनच परका नाही.

कोली ते मोरालेस :
न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ साली एका कर्करुग्णास स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू टोचले. काही रुग्णांच्या गाठी विरघळल्या; परंतु संसर्ग आवरणे कठीण असल्याने त्यांना पुढे मृत जिवाणूंच्या मिश्रणाकडे वळावे लागले. जिवंत, तरीही निरुपद्रवी जिवाणू मिळाला तो क्षयरोगाच्या संशोधनातून. काल्मेत व गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गुरांच्या क्षयाचा जिवाणू सुमारे २३० वेळा पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला. हीच बीसीजी लस होय. १९७६ साली कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी ती नऊ रुग्णांच्या मूत्राशयात दर आठवड्यास एकदा, याप्रमाणे सहा आठवडे सोडल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९० साली अमेरिकेत या उपचारास मान्यता मिळाली. येथे जिवाणू स्वतः कर्कपेशींचा फडशा पाडतो असे नव्हे. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीस त्या जागी पाचारण करतो.

जनुकीय फेरबदल :
बर्लिन येथील श्टेफान काउफमान यांच्या गटाने बीसीजीतील युरिएजचे जनुक काढून त्या जागी लिस्टेरिया जिवाणूचे एक जनुक बसविले. त्यामुळे प्रतिकारपेशीच्या आतील ज्या कप्प्यात बीसीजी अडकून पडते, त्याच्या आवरणास छिद्रे पडतात आणि प्रतिकारशक्तीला अधिक ठळक इशारा मिळतो. या संशोधनाचे फलित २००५ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या जिवाणूचा परवाना घेतला. साधी बीसीजी निष्फळ ठरलेल्या ४० रुग्णांवर स्वित्झर्लंडमधील एका संशोधन गटाने त्याची चाचणी घेतली. तीत ६० आठवड्यांनंतर सुमारे निम्म्या रुग्णांच्या मूत्राशयात रोग पुन्हा उद्भवला नसल्याचे आढळले. मात्र फेरबदल म्हणजे हमखास यश नव्हे. फेरबदल केलेल्या साल्मोनेला जिवाणूच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी कमी झाल्या नव्हत्या.

निर्मिती आणि निदान :
औषधाचा इतिहास शोधापाशी संपत नाही. २०१२ साली टोरांटो येथील एका कारखान्यातील उत्पादन थांबताच अनेक देशांत मूत्राशयासाठीच्या बीसीजीचा तुटवडा निर्माण झाला. जिवंत जिवाणू वाढविणारे कारखाने जगात मोजकेच असल्याने पुण्यासारख्या केंद्राचे महत्त्व यातून ध्यानात येते. तसेच हा उपचार रोग मूत्राशयाच्या स्नायूंत शिरण्यापूर्वीच उपयोगी पडतो. वेदनेविना लघवीतून रक्त जाणे हे त्याचे नेहमीचे पहिले लक्षण असून, दुखत नाही म्हणून तेच दुर्लक्षिले जाण्याचा धोका असतो.

समारोप :
सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगावच्या रुग्णांची मोजदाद हे काम प्रयोगशाळेतील शोधाइतके दीपविणारे नसेल. परंतु कोणता रोग, कोठे आणि किती उशिरा उघडकीस येतो हे त्यातूनच कळते. जिवाणूला औषध बनविण्यास विज्ञानाला शंभर वर्षे लागली. ते औषध वेळेत रुग्णापर्यंत पोहोचविणे हे या इतिहासाचे अपुरे राहिलेले प्रकरण असून, ते गिरणगावात आणि खेड्यांतच पूर्ण व्हावयाचे आहे.