मळसूत्राचा इतिहास आणि मोडलेला टॅप

श्रोतेहो, आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान कापून घरात आले की राईस मिलची धडधड सुरू होते. तिरोडा घ्या, आमगाव घ्या, अर्जुनी मोरगाव घ्या. हंगामात गिरणी एक दिवस बंद राहिली तर धानाच्या पोत्यांची थप्पी दाराबाहेर येते. या गिरणीचे शेकडो भाग एकमेकांना कशाने धरून ठेवले आहेत, याचा आपण कधी विचार केला आहे का? नट आणि बोल्ट यांनी. आणि नट-बोल्ट कशाच्या जोरावर धरतात? त्यांच्या अंगावरच्या आट्यांच्या जोरावर.

मराठीत या आटेदार वस्तूला मळसूत्र असा जुना आणि देखणा शब्द आहे. आपल्याकडे हिंदीचा शेजार असल्यामुळे कारखान्यातली पोरे आट्याला 'चुडी' असेही म्हणतात. नाव काहीही असो, वस्तू एकच. आज या मळसूत्राचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्याच ओघात एका व्यवहारी प्रश्नाचे उत्तरही शोधायचे आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये हाताने आटे पाडताना टॅप मोडतो, तो का?

ज्यांनी टॅप पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टॅप म्हणजे कडक पोलादाची बोल्टासारखी दिसणारी कांडी. तिच्या अंगावर आटे असतात आणि उभ्या खाचाही असतात. त्या खाचांमुळे आट्यांना धार येते. धातूला आधी ड्रिलने भोक पाडायचे, मग त्यात हा टॅप दांड्याने पिळत उतरवायचा. तो भोकाच्या भिंतीत आटे कापत जातो. काम सोपे दिसते, पण टॅप जितका कडक तितकाच ठिसूळ. जरा वाकडा गेला किंवा अडकला, की काचेसारखा कट्‌कन मोडतो आणि त्याचा तुकडा भोकातच राहतो.

आता इतिहासाकडे वळू. तिरक्या वेढ्याची कल्पना आपल्या सुतारांना परकी नव्हती. कापसातून सरकी काढण्याची जुनी चरकी आठवा. तिच्या दोन लाटांच्या टोकांना नागमोडी तिरके दाते कोरलेले असत. एक लाट फिरवली की दुसरी उलटी फिरे. लाकडात कोरलेले ते मळसूत्रच होते. मात्र प्रत्येक जोडी सुताराच्या हातची असे. एका चरकीची लाट दुसरीला लागेलच, याची हमी नव्हती.

हीच अडचण इंग्लंडातल्या लोखंडकामातही होती. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने आटे कापणारा नेमका लेथ बनवला आणि एकसारखे मळसूत्र काढणे शक्य झाले. तरीही प्रत्येक कारखान्याचे माप निराळेच. बोल्ट हरवला तर ज्या कारखान्यात तो बनला तिथेच धाव घ्यावी लागे. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांतून मध्यम माप काढले आणि १८४१ मध्ये एक सारखी पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला एका इंचात ठरावीक आटे. इंग्लंडच्या रेल्वेने ही पद्धत उचलली आणि रेल्वेबरोबर ती देशोदेशी गेली.

आपल्या भागातही ती याच वाटेने आली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकात सुरू झाली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला. पुढे १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी छोटी लाइन झाली. ती छोटी गाडी आता राहिली नाही, तो मार्गही रुंद झाला. पण गोंदिया शहर वाढले ते या जंक्शनच्या आधाराने. ब्रिटिश बनावटीची इंजिने आली, तसे व्हिटवर्थचे आटेही आले, आणि ते पाडणारे फिटर इथे तयार झाले.

पश्चिमेकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी आधी तो घ्यायला तयार नव्हते. पण एकदा नांगर, चाऱ्याचे यंत्र, इंजिन शेतात आले, की बोल्ट आणि पान्हाही शेतकऱ्याच्या घरात आला. तेव्हापासून मळसूत्र ही केवळ कारखान्याची वस्तू राहिली नाही.

मात्र जगात एकच माप झाले नव्हते, बरं का! अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा पुढे मांडला. अर्ध्या इंची बोल्टाला व्हिटवर्थच्या पद्धतीत इंचाला १२ आटे, तर अमेरिकन पद्धतीत १३. फरक एका आट्याचा, पण दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचीच यंत्रे एकमेकांचे बोल्ट घेईनात. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समान आट्याचा करार केला. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि पुढे मिलिमीटरचे आटे रुळले. तरीही जुन्या गिरण्यांत इंची बोल्ट अजून सापडतात. इंची पाच-सोळांशचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. एकाच्या भोकात दुसरा घातला तर एक-दोन वेढे जातो आणि अडतो. तिथे जोर केला की दोन्ही आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून आधी आट्याचे माप पाहावे, मग पान्ह्याला हात घालावा.

आता स्टेनलेस स्टीलची गोष्ट. १९१२ मध्ये जर्मनीतील क्रुप कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियम आणि निकेल मिसळलेले न गंजणारे पोलाद काढले. १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हा बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता. त्यालाही क्रोमियमचे न गंजणारे पोलाद सापडले. नळीसाठी निघालेले पोलाद जेवणाच्या सुरीला लागले! आज आपल्या घरातले ताट-तांब्या बहुधा याच घराण्यातले. यंत्रांत वापरले जाणारे नेहमीचे स्टेनलेस म्हणजे ढोबळमानाने १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले.

या पोलादाचे तीन स्वभाव ध्यानात घ्या, म्हणजे टॅप का मोडतो ते आपोआप उमजेल. पहिला स्वभाव असा, की त्याला घासले, दाबले की ते तिथल्या तिथे आणखी कडक होते. दुसरा, ते उष्णता लवकर वाहून नेत नाही. साध्या पोलादाच्या मानाने सुमारे तिसरा हिस्साच. म्हणून ताप धारेपाशीच साठतो. तिसरा, त्याचा कीस चिवट असतो आणि टॅपच्या धारेला चिकटून बसतो.

साध्या लोखंडावर हात बसलेला कारागीर इथे फसतो तो यामुळेच. त्याचे ड्रिल थोडे बोथट झालेले असते. साध्या लोखंडात ते चालून जाते. स्टेनलेसमध्ये मात्र ते कापण्याऐवजी घासत राहते आणि भोकाची भिंत कडक करून ठेवते. मग त्या भिंतीत टॅप घातला की तो मोडतो. म्हणजे टॅप मोडला आट्यांच्या वेळी, पण बिघाड झाला होता भोक पाडतानाच. 'नाचता येईना अंगण वाकडे' अशी आपली म्हण आहे. पण इथे अंगण कधीकधी खरोखरच वाकडे असते, आणि बोल मात्र पोराच्या हाताला लागतो.

तर मग करावे काय? ड्रिल धारदार घ्यावे, फेरे कमी ठेवावेत आणि दाब सलग द्यावा. ड्रिल भोकात नुसते फिरत ठेवू नये. भोक अगदी तंग पाडू नये. एम ८ च्या नेहमीच्या आट्याला तक्त्यात ६.८ मिलिमीटरचे भोक सांगतात, स्टेनलेसला ६.९ घ्यावे. आटा थोडा उथळ होतो, पण बोल्ट धरायला पुरतो. कारखान्यांत एक ठोकताळा चालत आला आहे. तीनचतुर्थांश खोलीचा आटा पूर्ण खोलीचा केला तर मजबुती जेमतेम ५ टक्के वाढते, पण टॅपवरचा जोर तिप्पट होतो. एवढ्याशा लाभासाठी टॅप पणाला लावायचा का, ते तुम्हीच ठरवा.

टॅप हायस्पीड पोलादाचा आणि नव्या धारेचा असावा. हे पोलादही १९०० च्या सुमारास अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांच्या प्रयोगांतून पुढे आले. तांबूस तापेपर्यंत त्याची धार टिकते. हातटॅपचा संच बहुधा तिघांचा असतो. पहिला निमुळता, दुसरा मधला, तिसरा तळापर्यंत जाणारा. त्यांना क्रमाने वापरावे. पहिल्याला वगळून घाई करू नये. टॅप उभा सरळ आहे की नाही ते गुण्याने दोन बाजूंनी तपासावे. दांडा दोन्ही हातांनी सारख्या जोराने फिरवावा. लहान टॅपला लांब दांडा लावू नये, कारण मग हाताला जोर कळत नाही.

गंधकयुक्त कापकामाचे तेल भरपूर घालावे. टॅप अर्धा फेरा पुढे न्यावा, मग कीस तुटेल इतकाच मागे घ्यावा. पण एकाच जागी पुढे-मागे घासत बसू नये, नाहीतर तीच जागा कडक होते. पुढच्या वेळी टॅपने नवा घास घेतलाच पाहिजे. भोक आरपार नसेल तर ते आट्यांपेक्षा खोल पाडावे आणि मधून मधून टॅप बाहेर काढून कीस झाडावा. हाताला रबरासारखी ओढ लागली, म्हणजे टॅप फिरत नाही, नुसता पिळला जातो आहे, तर तिथेच थांबावे. तो टॅपचा शेवटचा इशारा असतो.

हे सारे का सांगायचे? एक टॅप काही फार महाग नाही. पण तो तुटून भोकात बसला की साध्या ड्रिलने निघत नाही. टॅप ड्रिलइतकाच कडक. मग तो भाग शहरात ठिणगीने कोरणाऱ्या यंत्रावर न्यावा लागतो, किंवा टाकून द्यावा लागतो. ऐन हंगामात गिरणीचे चार दिवस त्यात जातात, आणि शिकाऊ पोराचा धीर खचतो तो वेगळाच.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हा इतिहास दाखवायला यंत्र लागत नाही. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरकी कड पेन्सिलीवर वेढे घेत चढताना दिसेल. मळसूत्र म्हणजे गुंडाळलेला उतार, हे मुलांना क्षणात कळेल. मोठ्या मुलांकडून गावातले दहा जुने बोल्ट गोळा करून घ्या आणि पट्टीने एका इंचात किती आटे येतात ते मोजायला सांगा. व्हिटवर्थने १८४१ च्या आधी जे केले, तेच काम मुले तुमच्या शाळेत करतील.

आणि आयटीआयमध्ये किंवा दुकानात शिकणाऱ्या पोराच्या हातून टॅप मोडला, तर रागावण्याआधी ड्रिलची धार पाहा, भोकाचे माप पाहा, तेलाचा डबा पाहा. पोराला पुन्हा काम देताना या तीन गोष्टी त्याच्याच हातून तपासून घ्या. पुढचा टॅप वाचेल.