जमिनीच्या पोटातलं चित्र

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’नं फेब्रुवारी १९७४मध्ये तेल शोधलं, ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. पण समुद्राचं पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. मग विहीर नेमकी इथेच खणा, हे सांगितलं कुणी? मला या कहाणीतला हाच प्रश्न सर्वांत रंजक वाटतो.

सांगितलं प्रतिध्वनीनं. जमिनीला हादरा दिला, की त्याच्या लाटा खोल जातात आणि खडकांच्या थरांवर आपटून परततात. परतायला लागलेल्या वेळावरून थराच्या खोलीचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत जॉन क्लॅरेन्स कार्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ साली ओक्लाहोमात हा प्रयोग करून दाखवला. हाती आल्या त्या कागदावरच्या थरथरत्या रेघा. त्या शेजारीशेजारी मांडल्या, की जमिनीचा उभा छेद दिसे. साठच्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून झालेल्या अशाच पाहणीत मुंबईपलीकडच्या समुद्रतळाखाली खडकांचा प्रचंड उंचवटा आढळला. तोच आपला ‘बॉम्बे हाय’.

पण छेदचित्रात एक खोट होती. लाट बाजूच्या उतारावरून परतली, तरी चित्रात ती थेट खालून आल्यासारखी दिसे. अशा चित्रावर भरवसा ठेवून खणलेली विहीर कोरडी निघाली, तर खर्च पाण्यात! उपाय होता तिसऱ्या मितीचा. आज एक्सॉनमोबिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं १९६७मध्ये टेक्सासमधल्या फ्रेंड्सवुड इथे एकेकट्या रेषेऐवजी संपूर्ण क्षेत्राची पाहणी केली. पुढे संगणकाची ताकद वाढली आणि भूगर्भाचा अख्खा ठोकळाच पडद्यावर आला. तो आडवाही कापता येऊ लागला. प्रतिध्वनीच्या जोराप्रमाणे रंग भरले, तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या नद्यांची नागमोडी वळणं विमानातून पाहावीत तशी दिसू लागली.

चौथी मिती काळाची. तोच ठोकळा काही वर्षांनी पुन्हा टिपायचा आणि दोन्ही चित्रांतला फरक पाहायचा. तेल उपसलं जाऊन त्या जागी पाणी शिरलं, की प्रतिध्वनी बदलतो. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडायला सुरुवात झाली. पुरलेला वायू कुठवर पसरला, हे अशाच पुन:पुन्हा घेतलेल्या चित्रांतून पाहिलं गेलं. तेल काढण्यासाठी घडवलेली नजर आता धूर गाडण्याच्या कामी आली!

तरीही एक गोष्ट विसरू नये. हे छायाचित्र नव्हे. प्रतिध्वनींवरून केलेला तर्क आहे. लाटेचा खडकातला वेग चुकीचा धरला, तर थर चुकीच्या खोलीवर दिसतो आणि रंग मात्र तितकेच मोहक राहतात. म्हणून शेवटची साक्ष आजही विहिरीचीच. चित्र फक्त सांगतं, कुठे खणावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)